नवतप्यात तपासलेला दिवा

पेरोव्हस्काइट एलईडीबद्दल मराठीत जे थोडंफार छापून येतं, ते एकाच आकड्याभोवती फिरतं. २०१४ मध्ये केंब्रिजमध्ये रिचर्ड फ्रेंड यांच्या गटानं खोलीच्या तापमानाला उजळणारे असे दिवे पहिल्यांदा करून दाखवले, तेव्हा अवरक्त दिव्याची बाह्य क्वांटम कार्यक्षमता ०.७६ टक्के होती आणि हिरव्याची अवघी ०.१ टक्का. म्हणजे आत सोडलेल्या हजार इलेक्ट्रॉनांमागे हिरव्या प्रकाशाचा एखादा कण बाहेर पडायचा. २०१८ मध्ये अनेक गटांनी वीस टक्क्यांची रेषा ओलांडली. २०२२ मध्ये सोलच्या ते-वू ली यांच्या गटाचा हिरवा दिवा २८.९ टक्क्यांवर गेला. एवढं सांगून झालं की लेखाच्या शेवटी ठरलेलं वाक्य येतं : आता फक्त टिकाऊपणाचा प्रश्न उरला आहे.

माझं भांडण या ‘आता फक्त’शी आहे. घर बांधून झालं, आता फक्त रंग द्यायचा राहिला, असा त्याचा सूर असतो. माझं म्हणणं असं की, या पदार्थात कार्यक्षमता आणि टिकाऊपणा हे एकामागून एक सोडवायचे दोन प्रश्न नाहीतच. दोन्ही एकाच गुणातून निघतात आणि तो गुण तापमानाला अत्यंत हळवा आहे. त्यामुळे कुठल्या उन्हात मोजलं हे सांगितल्याशिवाय दिव्याचं आयुष्य सांगणं अर्धवट आहे. वऱ्हाडातल्या विद्यापीठांनी या क्षेत्रात काय करावं, याचं उत्तरही मला इथेच दिसतं, आणि ते विक्रमाच्या शर्यतीत धावण्याचं नाही.

एक : मऊपणाचं भांडवल

मूळ पेरोव्हस्काइट हे उरल पर्वतात १८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझे यांनी ओळखलेलं कॅल्शियम टायटेनेटचं खनिज. पेरोव्हस्की या रशियन उमरावाचं नाव त्याला दिलं गेलं. आजच्या दिव्यांतल्या पदार्थानं त्याची फक्त मांडणी उचलली आहे. मध्ये शिसं, त्याच्याभोवती ब्रोमीन, आयोडीन किंवा क्लोरीनचे सहा आयन, आणि अशा आठ घरांच्या मधल्या पोकळीत सीझियम किंवा एखादा सेंद्रिय आयन.

या पदार्थाचं कौतुक का होतं, ते नीट पाहायला हवं. आज आपल्या घरातल्या बल्बमधला गॅलियम नायट्राइडचा निळा कण नीलमण्याच्या चकतीवर, हजार अंशांच्या आसपासच्या भट्टीत थर चढवत वाढवावा लागतो. पेरोव्हस्काइटचं मात्र द्रावण करायचं, काचेवर गरगर फिरवून पसरायचं आणि शंभर अंशांच्या आसपास तापवायचं, की प्रकाश देणारे स्फटिक तयार. इतक्या कमी उष्णतेत आयन आपापली जागा शोधतात, कारण त्यांना जागच्या जागी जखडणारे बंध सैल आहेत. स्फटिक मऊ आहे. शिवाय त्यात राहिलेल्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉनाला खोल खड्ड्यासारख्या गिळत नाहीत. बऱ्याचशा दोषांचे ऊर्जास्तर काठावरच राहतात. म्हणून ओबडधोबड थरही उजळतो.

पण जो आयन शंभर अंशांत सहज घर शोधतो, तो पुढेही घर बदलत राहणार, हे उघड आहे. शेजारची जागा रिकामी दिसली की हेलाइड आयन तिकडे उडी मारतो आणि त्याची जुनी जागा रिकामी होते. या वाटचालीला दिवा आयतं बळ पुरवतो. सुमारे दोनशे नॅनोमीटर जाडीच्या थरांवर तीन व्होल्ट दिले, तर विद्युतक्षेत्र दर मीटरला दीड कोटी व्होल्ट इतकं होतं. त्याच पदार्थाच्या सौर घटात थर जाड असतो आणि दाब एक व्होल्टच्या आसपास. सौर घट टिकला म्हणजे दिवाही टिकेल, हा तर्क म्हणूनच चालत नाही.

निळ्या दिव्यात हे उघड्या डोळ्यांना दिसतं. निळा रंग मिळवायला ब्रोमाइडमध्ये क्लोराइड मिसळण्याची सोपी वाट आहे. पण प्रवाह सुरू झाला की दोन्ही हेलाइड वेगळे होऊ लागतात, आणि निळा दिवा हिरवटपणाकडे सरकतो. तो अजून बंद पडलेला नसतो. त्याची कार्यक्षमता मोजली तर आकडाही येईल. फक्त तो आता वेगळ्याच रंगाचा दिवा झालेला असतो.

दोन : गळती आणि झीज यांचं भोक एकच

कार्यक्षमतेचा आकडा तीन गुणकांचा मिळून होतो. इलेक्ट्रॉन आणि त्यांचे जोडीदार होल सारख्या संख्येनं थरात पोचले का. पोचलेल्या जोड्यांपैकी किती प्रकाश देऊन विझल्या. आणि तयार झालेल्या प्रकाशातला किती काचेबाहेर पडला. तिसऱ्या गुणकात भौतिकशास्त्र फार कंजूष आहे. अपवर्तनांक दोन असलेल्या सपाट थरातून साधारण आठवा हिस्साच थेट बाहेर निसटतो, बाकीचा आतल्या आत परावर्तित होत राहतो. २०१८ च्या एका गाजलेल्या दिव्यात अमिनो आम्लासारखी द्रव्यं मिसळून थराला आपोआप सूक्ष्म उंचसखलपणा आणला होता, तो याचसाठी.

माझ्या मुद्द्याचं मर्म मात्र दुसऱ्या गुणकात आहे. जोडी तीन प्रकारे विझू शकते : दोषात अडकून, प्रकाश देऊन, किंवा गर्दी वाढल्यावर आपली ऊर्जा तिसऱ्यालाच देऊन. पहिल्या आणि तिसऱ्या वाटेनं गेलेल्या ऊर्जेची उष्णता होते. आता दोष म्हणजे काय, तर मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावरच्या आणि सीमेवरच्या रिकाम्या जागा. आणि आयन सरकतो तो कशातून? त्याच रिकाम्या जागांतून. ज्या भोकातून प्रकाश गळतो त्याच भोकातून स्फटिक झिजतं, आणि गळतीची उष्णता झिजेचा वेग वाढवते. हे चक्र एकदा ध्यानात आलं की ‘आधी कार्यक्षमता, मग टिकाऊपणा’ हा क्रमच निरर्थक वाटू लागतो.

पुरावा हवा असेल तर त्या २८.९ टक्केवाल्या दिव्याकडेच पाहावं. तिथे बेंझिलफॉस्फोनिक आम्लानं मोठ्या स्फटिकांचे सुमारे दहा नॅनोमीटरचे कण केले आणि प्रत्येकाभोवती तेच आम्ल कवचासारखं बसलं. भोकं बुजली, आणि कार्यक्षमता, तेज, आयुष्य तिन्ही एकदम वाढली. त्याच वर्षी चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या गटानं अवरक्त दिव्यात धन आणि ऋण दोन्ही आयनांना धरून ठेवणारा द्विध्रुवी रेणू मिसळला. तिथेही आयुष्यानं मोठी झेप घेतली.

उलट उदाहरणंही आहेत, आणि बातमीत ती येत नाहीत. नॅनोकणांवर लांब शेपटीचे सेंद्रिय रेणू चिकटवले की द्रावणात ते झळाळतात. पण त्या रेणूंची पकड ढिली असते. धुताना, तापवताना ते सुटतात आणि भोकं पुन्हा उघडी पडतात. मोठे सेंद्रिय आयन घालून केलेले पातळ पदरांचे पेरोव्हस्काइट ऊर्जा एका जागी गोळा करतात, म्हणून कमी प्रवाहात फार छान आकडा देतात. प्रवाह वाढला की आकडा घसरतो. असा विक्रम आयुष्यातून कर्ज काढून केलेला असतो, आणि कर्जाची नोंद शोधनिबंधाच्या सारांशात क्वचितच सापडते.

तीन : तास मोजले ते कुठल्या खोलीत?

सोलच्या दिव्याचं आयुष्य दोन प्रकारे सांगितलं जातं : तेज १००० निट असताना ५२० तास, आणि १०० निटला ३०,००० तासांहून जास्त. दुसरा आकडा ऐकून माणूस हरखतो. तीस हजार तास म्हणजे रात्रंदिवस चालवून साडेतीन वर्षांच्या आसपास. एवढा वेळ कुणी तो दिवा लावून बसलेलं नाही, हे सांगायला नको. जास्त तेजावर मोजलेल्या आयुष्यावरून कमी तेजाचा अंदाज बांधलेला आहे. अंदाज बांधणं गैर नाही. पण १०० निट म्हणजे अंधाऱ्या खोलीत मंद केलेला मोबाइलचा पडदा. उन्हात वाचता यावा म्हणून तोच पडदा हजार निटांच्या पुढे न्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, आयुष्य संपलं हे ठरवायचं कसं? पेरोव्हस्काइटवाले तेज निम्म्यावर येईपर्यंतचे तास मोजतात. दिव्यांचा धंदा ७० टक्क्यांवरच आयुष्य संपलं असं धरतो. धंद्यातल्या रूढ चाचणीत एलईडी किमान ६००० तास, तेही ५५ आणि ८५ अंशांसारख्या तापमानांना चालवून पाहतात. त्यावरून पुढचा अंदाज बांधायचा तर मोजलेल्या काळाच्या सहापटीपलीकडे जायची मुभा नाही. ही शिस्त वर्षानुवर्षांच्या ठेचांतून आली आहे. प्रयोगशाळेतला पेरोव्हस्काइट दिवा मात्र बहुधा नायट्रोजन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये किंवा काचेच्या झाकणाखाली, वातानुकूलित खोलीत चालतो. एकाच ‘तास’ या शब्दात दोन वेगळी परिमाणं आहेत आणि बातमी त्यांची थेट तुलना करते.

चार : अकोल्याचं गणित

मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तेव्हा अकोला जिल्हा प्रशासनाला उष्णतेपायी कलम १४४ लावावं लागलं होतं. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की सुरू होणारे नवतप्याचे नऊ दिवस इथे लग्नाच्या मुहूर्तापेक्षा जास्त लक्षात ठेवले जातात. हा तपशील मी हवापाण्याच्या गप्पा म्हणून देत नाही. आयनाच्या उडीचा वेग तापमानाबरोबर घातांकानं वाढतो. उडीच्या आड येणारा उंबरठा अर्धा इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरू. या पदार्थांसाठी तो वाजवी आहे. मग २५ अंशांच्या मानानं ४५ अंशांना वेग सुमारे ३.४ पट होतो. टिनाच्या पेटीत, उन्हात तापलेल्या खोक्यात तापमान ६५ अंशांवर जाणं अवघड नाही. तिथे तो दहापट होतो. झीज याच एका उंबरठ्यानं ठरते असं मानलं, तर ५२० तासांचे ४५ अंशांना दीडशे आणि ६५ अंशांना पन्नासच उरतात. प्रत्यक्षात एकापेक्षा जास्त प्रक्रिया चालू असतात, त्यामुळे आकडा खालीवर होईल. दिशा बदलणार नाही.

यावर कुणी म्हणेल, दिवा रात्री लागतो, नवतपा दिवसा तापतो. पण पेरोव्हस्काइटचं खरं बळ पांढऱ्या बल्बात नाहीच. त्याच्या हिरव्या प्रकाशाची रेघ सुमारे वीस नॅनोमीटर इतकी अरुंद असते. असा शुद्ध रंग पडद्याला हवा असतो. आणि पडदे भर दुपारी चालतात : बसस्थानकावरची गाड्यांची पाटी, पेट्रोल पंपावरचा भाव, मोटरसायकलच्या हँडलला अडकवलेला मोबाइल. ज्या वेळी सर्वांत जास्त तेज लागतं, त्याच वेळी हवा सर्वांत तापलेली असते. झिजेची दोन्ही कारणं एकाच तासात एकत्र येतात. मग मृगाचा पाऊस पडतो, आणि हवेतली ओल दिव्याच्या कडेकडेनं आत शिरायला लागते.

गरिबांसाठी स्वस्त बल्ब, ही कल्पना तर इथे अगदीच फोल आहे. २०१५ पासून उजाला योजनेत देशभर छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब गेले. निळा कण आणि त्यावर पिवळा फॉस्फर, ही जोडी इतकी टिकाऊ आहे की गावातला बल्ब जातो तो बहुधा तिच्यामुळे नव्हे, मागच्या ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरमुळे. वीज खालीवर होते, छतालगत हवा कोंडते, आणि दर दहा अंशांमागे त्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. जो प्रश्न सुटलेला आहे तो पुन्हा सोडवायला नवा नाजूक पदार्थ आणण्यात शहाणपण नाही.

आक्षेप आणि उत्तरं

*चांगलं आवरण घातलं की झालं.* काच आणि इपॉक्सी ओलीला अडवतात, प्राणवायूला अडवतात. आतला आयन आतच फिरतो. त्याला बाहेरून कुलूप लावता येत नाही. उष्णतेलाही नाही, उलट जाड आवरण ती कोंडून ठेवतं.

*ओएलईडीही सुरुवातीला असेच दुबळे होते.* हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. १९८७ मध्ये टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी पहिला उपयोगी ओएलईडी केला आणि आज तो लाखो खिशांत आहे. पण तिथे झीज मुख्यतः रेणू तुटण्याची होती. आयनांची सततची मिरवणूक नव्हती. इतकी वर्षं लोटूनही ओएलईडीचा निळा रंग लाल आणि हिरव्याच्या मागेच आहे. काळ आपोआप काही सोडवत नाही.

*२५ अंशांचं मोजमाप तुलनेसाठी लागतंच.* लागतं, ते ठेवावं. पेरोव्हस्काइट सौर घटांच्या संशोधकांनी २०२० मध्ये एकत्र बसून टिकाऊपणाच्या चाचण्यांचे सामाईक नियम ठरवले. त्यांत ६५ आणि ८५ अंश आहेत, उघड्यावरच्या चाचण्याही आहेत. दिव्यांच्या बाबतीत तशी शिस्त अजून रुजलेली नाही. माझी मागणी दुसऱ्या आकड्याची आहे, पहिला पुसण्याची नाही.

*शिशाचं काय?* सीझियम-लेड-ब्रोमाइडच्या वजनात ३५ टक्क्यांहून जास्त शिसं असतं, आणि ई-कचऱ्याचे नियम एकसंध पदार्थात ०.१ टक्क्याची मर्यादा घालतात. थर पातळ आहे, एकूण शिसं नगण्य आहे, हा बचाव खरा असला तरी कायद्यापुढे पुरत नाही. टिकाऊपणाशी त्याचा संबंध सरळ आहे : जो दिवा लवकर मरतो तो लवकर उकिरड्यावर जातो.

अमरावतीकडे काय आहे

मुंबईच्या आयआयटीत दिनेश काब्रा यांचा गट पेरोव्हस्काइट सौर घट आणि दिव्यांवर काम करतो. पुण्याच्या आयसरमध्ये अंशुमान नाग यांच्या गटानं या पदार्थांच्या नॅनोकणांवर आणि शिसेविरहित दुहेरी पेरोव्हस्काइटांवर बरंच केलं आहे. ग्लोव्हबॉक्स, निर्वात बाष्पीभवन, स्वच्छ खोल्या हा तिथला रोजचा संसार आहे. वऱ्हाडातल्या महाविद्यालयानं त्यांच्याशी टक्केवारीत स्पर्धा करणं म्हणजे कोरडवाहू रानात ऊस लावणं.

पण विदर्भाकडे एक वेगळी विद्या आहे : फॉस्फरची. नागपूर विद्यापीठात एस. व्ही. मोहरील आणि एस. जे. ढोबळे, अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठात एस. के. ओमनवार, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले, गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक, हे सगळे प्रकाश देणारी भुकटी करण्यात मुरलेले आहेत. धातूंचे नायट्रेट आणि युरिया पाण्यात मिसळायचे, बशी पाचशे अंशांच्या मफल भट्टीत सरकवायची, आणि काही मिनिटांत मिश्रण पेटून फसफसतं, फॉस्फर तयार. कपाशीला टाकायचाच तो युरिया. या कामाला थोरामोठ्यांची यंत्रं लागत नाहीत, पण कुठला आयन कुठल्या घरात बसतो आणि तापल्यावर उजेड किती घटतो, याची जाण लागते. तापमानाबरोबर प्रकाश घटणं हा तर फॉस्फरवाल्यांचा रोजचा आलेख आहे.

म्हणून मला वाटतं, पेरोव्हस्काइटमधून थेट वीज नेण्याचा हट्ट इथे धरू नये. निळ्या एलईडीसमोर त्याला फॉस्फर म्हणून बसवावं. वीज जात नाही म्हणजे विद्युतक्षेत्र नाही. आयनांना ढकलणारं सर्वांत मोठं बळच बाजूला होतं. प्रकाश आणि उष्णता यांचा त्रास उरतो, तो सोसायला काचेची मदत घेता येते. सीझियम-लेड-ब्रोमाइडचे नॅनोकण काचेच्या आतच वाढवले तर ते पाण्यातही टिकतात. काच वितळवणं आणि नंतर नेमक्या तापमानाला भाजणं हे भट्टीचं काम आहे, आणि भट्टी इथे आहे. शिसं टाळायचं तर सोडियम मिसळलेल्या सीझियम-चांदी-इंडियम क्लोराइडची वाट आहे; २०१८ मध्ये त्यातून उबदार पांढरा प्रकाश ८६ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेनं मिळाला, तो अतिनील एलईडीवर फॉस्फर म्हणून बसवूनच. यात एक मान्य करायला हवं : असा दिवा हा काटेकोर अर्थानं पेरोव्हस्काइट एलईडी नव्हेच. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत. पडदा पाहणाऱ्याला प्रकाश कुठून निघाला याच्याशी देणंघेणं नसतं.

मे महिन्यातलं काम

दुसरं काम चाचणीचं, आणि त्याचा नमुना अकोल्यातच आहे. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कपाशीचं नवं वाण एका शेतावर डोलून दिसलं म्हणून त्याची शिफारस होत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या जमिनींत, काही हंगाम ते पेरून पाहतात. मग राज्यातल्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन समितीपुढे, म्हणजे जॉइंट अॅग्रेस्कोपुढे, आकडे जातात, आणि तिथे झाडाझडती होते. पाऊस कमी पडला त्या वर्षीचं उत्पन्न वगळून सरासरी दाखवणाऱ्याची तिथे धडगत नसते. दिव्यांच्या संशोधनात हे बीजच पडलेलं नाही. एकाच इमारतीतला, एकाच तापमानातला, बहुतेक वेळा सर्वोत्तम तुकड्याचा आकडा छापला जातो.

चाचणीचा मांडव साधा आहे. देशातल्या कुठल्याही गटानं आपले दिवे आणि फॉस्फरच्या चकत्या पाठवाव्यात. सर्वोत्तम एक नको, एका घाण्यातले दहा. अर्धे अमरावतीत २५ अंशांच्या खोलीत लागावेत, अर्धे अकोल्यात टिनाच्या छपराखालच्या पेटीत. दर तासाला तेज, रंग आणि पेटीतलं तापमान डेटा लॉगरमध्ये नोंदलं जावं. नवतप्याच्या आधी सुरू करून मृग, आर्द्रा ओलांडून पोळ्यापर्यंत मोजणी चालावी. दहापैकी किती मेले, कुठल्या दिवशी, रंग किती सरकला, हे सगळं छापावं. निम्म्यावर येण्याचे तास द्यावेत आणि ७० टक्क्यांवर येण्याचेही.

अडचणी मला दिसतात. मे महिन्यात महाविद्यालयांना उन्हाळी सुट्टी असते, प्राध्यापक उत्तरपत्रिकांत बुडालेले असतात, आणि भर दुपारी वीज गेली की लॉगरची नोंद तुटते. त्यासाठी पेटीमागे बॅटरी आणि छपरावर एखादं सौर पॅनेल बसवावं लागेल. पेटीजवळ दुपारी दोन वाजता जाऊन काच पुसणारं कुणीतरी लागेल, कारण वऱ्हाडातली मे महिन्यातली धूळ दोन दिवसांत तेजाचा आकडा खोटा पाडते. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर पर्जन्यमापक आणि तापमापी रोज ठरल्या वेळी वाचणारी माणसं आहेत. पहिली पेटी त्यांच्याच शेजारी ठेवावी.